जवळचा म्हणजे कोणता? कोडच्या निवडीतील सान्निध्याचा प्रश्न

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने एडिटरच्या आदेशांवर काय बोलावं? कारण साधं आहे. निवृत्तीनंतर आम्ही संस्कृत ग्रंथांचे पाठ संगणकावर नीट लावण्याचं काम करतो. त्यासाठी लागणारे छोटे प्रोग्रॅमही लिहितो, आणि हे सगळं विम नावाच्या एडिटरमध्ये चालतं. तिथे काम करताना एक प्रश्न सारखा समोर येतो, आणि तो आमच्या शास्त्रातलाच आहे: ‘जवळचा’ म्हणजे कोणता?

मराठीत हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. जवळचं दुकान म्हणजे कमी पावलांवर असलेलं. पण जवळचा माणूस म्हणजे शेजारच्या खोलीत राहणारा, असं आपण म्हणत नाही. तो साता समुद्रापार असला तरी जवळचाच. पहिल्या अर्थात अंतर मोजलं जातं, दुसऱ्या अर्थात नातं पाहिलं जातं. एडिटरला आपण ‘जवळचा कोड निवड’ असं सांगतो तेव्हा त्याने यांतला कोणता अर्थ घ्यायचा, हा आजचा मुद्दा.

आदेशांचं व्याकरण

ज्यांनी विम वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत, बर्कली इथे व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याच धर्तीवर ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने विम केला आणि १९९१ मध्ये तो लोकांपुढे आला. मूलेनार २०२३ मध्ये गेले, पण त्यांनी घडवलेली आदेशांची भाषा आज इतरही अनेक एडिटर बोलतात.

भाषा हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. विममध्ये आदेश म्हणजे एक छोटं वाक्य असतं. ‘डी’ म्हणजे पुसून टाक, ‘सी’ म्हणजे बदल, ‘वाय’ म्हणजे नक्कल करून ठेव. ही झाली क्रियापदं. त्यांच्यापुढे कर्म येतं: शब्द, वाक्य, परिच्छेद, कंस, अवतरणचिन्हं. मध्ये आणखी एक अक्षर असतं. ‘आय’ म्हणजे फक्त आतला भाग, ‘ए’ म्हणजे कडेच्या चिन्हांसकट. म्हणून ‘डी, आय, कंस’ या तीन कळा दाबल्या की अर्थ होतो, ‘कंसातलं पुसून टाक’. कंस कुठे सुरू होतो, कुठे संपतो, आत किती अक्षरं आहेत, हे आपण मोजायचं नाही. आपण वस्तूचं नाव घ्यायचं, मोजणी एडिटरने करायची. या वस्तूंना तिथे टेक्स्ट ऑब्जेक्ट म्हणतात. आपण त्यांना मजकूर-वस्तू म्हणू.

पण या छोट्या वाक्यात एक गोष्ट न बोलताच राहते. कंस, पण कोणता? पानावर शंभर कंस असतील. वाक्यात ‘हा’ किंवा ‘तो’ असा शब्दच नाही. बोट दाखवण्याचं काम कर्सरकडे सोपवलेलं आहे. कर्सर जिथे उभा असेल तिथला कंस घ्यायचा.

पोटात असणं आणि शेजारी असणं

विमचा मूळ नियम साधा आणि कडक होता. कर्सर कंसाच्या पोटात असेल तर तो कंस तुझा. एकात एक असे अनेक कंस असतील तर सगळ्यांत आतला तुझा. त्याच्या बाहेरचा हवा असेल तर आकडा सांग, ‘दोन’ म्हटलंस की एक पायरी बाहेरचा मिळेल. आणि कर्सर कुठल्याच कंसाच्या पोटात नसेल तर काहीच होणार नाही.

या नियमात अंतराला जागाच नाही, हे लक्षात घ्या. एखाद्या फंक्शनचा महिरपी कंस पाचशे ओळी वर सुरू झालेला असेल, तरी आपण त्याच्या पोटात आहोत म्हणून तो आपला. आणि दोन अक्षरं पुढे दुसरा छोटा कंस असेल, तरी त्याच्याशी आपला संबंध नाही. इथे ‘जवळचा’ हा शब्द पूर्णपणे नात्याच्या अर्थाने वापरलेला आहे.

अवतरणचिन्हांना मात्र विमने पहिल्यापासून वेगळी वागणूक दिली. कर्सर त्यांच्या आधी उभा असला, तरी त्याच ओळीत पुढे असलेला अवतरणातला मजकूर तो शोधून देतो. ही सोय लोकांच्या हातात बसली आणि साहजिकच मागणी आली, की हेच कंसांनाही का नको? प्रत्येक वेळी आधी कर्सर कंसाच्या आत न्यायचा आणि मग आदेश द्यायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? अलीकडच्या विममध्ये कर्सर कंसात नसेल तर पुढचा कंस शोधला जातो. त्याच्याही आधी ‘टार्गेट्स’ नावाच्या प्लगइनने हे काम बरंच पुढे नेलं होतं. त्याने ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ अशी दोन विशेषणं आदेशात घालायची सोय केली, आणि पोटात काही नसेल तर आजूबाजूला, प्रसंगी खालच्या-वरच्या ओळींतही शोधायला सुरुवात केली. निओविमसाठी ‘मिनी’ नावाचा जो संच आहे, त्यातल्या अशाच प्लगइनमध्ये शोधाची पद्धत आपण ठरवू शकतो: फक्त पोटातला, पोटातला नाहीतर पुढचा, पोटातला नाहीतर मागचा, पोटातला नाहीतर सर्वांत जवळचा, वगैरे. आपण काहीच ठरवलं नाही तर ‘पोटातला नाहीतर पुढचा’ हा नियम चालतो आणि शोधाची मर्यादा ५० ओळींची असते.

म्हणजे नात्याच्या नियमाला आता अंतराच्या नियमाची जोड मिळाली. सोय वाढली हे खरंच. पण अंतर आलं की अंतराच्या अडचणीही येतात.

अंतर मोजायचं कुठून कुठे?

समजा, कर्सर एका रिकाम्या ओळीवर आहे. तीन ओळी वर एक ब्लॉक संपतो, चार ओळी खाली दुसरा सुरू होतो. फूटपट्टी म्हणेल, वरचा जवळचा. पण आपण कोड वरून खाली वाचत आलो असू तर वरचा ब्लॉक संपलेला विषय आहे, मन खालच्याकडे लागलेलं आहे. उलट, वरचा ब्लॉक आपण आत्ताच लिहून बाहेर पडलो असू आणि त्यात दुरुस्ती सुचली असेल, तर आपल्याला वरचाच हवा आहे. अंतर तेच, कर्सर तोच, पण ‘जवळचा’ बदलला. कारण अपेक्षा माणसाच्या मनात आहे आणि एडिटरला फक्त कर्सर दिसतो.

न्यायशास्त्रातला एक विचार इथे उपयोगी पडतो. शब्दांच्या समूहाला वाक्य केव्हा म्हणायचं? अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त तीन अटी सांगितलेल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असे नुसते शब्द उच्चारले तर त्यांना एकमेकांची गरज नाही. तिथे आकांक्षा नाही म्हणून वाक्य नाही. ‘विस्तवाने शिंपड’ म्हटलं तर गरज आहे, पण विस्तवाने शिंपता येत नाही, म्हणजे योग्यता नाही. आणि ‘गाय’ हा शब्द सकाळी उच्चारला आणि ‘आण’ दुपारी, तर सन्निधी नाही. तिन्ही असतील तेव्हाच अर्थ लागतो.

आता हे एडिटरला लावून बघा. ‘जवळचा’ शोधणारे आदेश नुसत्या सन्निधीवर चालू लागले की चुकतात, कारण सन्निधी ही तीन अटींपैकी फक्त एक आहे. एक लहान उदाहरण घेऊ:

दाखवा("पुणे", "नाशिक")

कर्सर मधल्या स्वल्पविरामावर ठेवा आणि ‘अवतरणातलं बदल’ असा आदेश द्या. विम मागे पाहतो, तिथे एक अवतरणचिन्ह आहे. पुढे पाहतो, तिथेही एक आहे. दोघांमध्ये स्वल्पविराम आणि एक मोकळी जागा. त्याला वाटतं, हाच अवतरणातला मजकूर. तो पुसला जातो आणि पुणे-नाशिक एकमेकांना चिकटतात! सन्निधी अगदी पक्की होती, योग्यता नव्हती. मागचं चिन्ह ‘पुणे’ मिटवणारं होतं, पुढचं ‘नाशिक’ उघडणारं. दोन घरांमधल्या बोळाला घर म्हणावं तसं हे झालं. यावर उपाय म्हणजे ओळीच्या सुरुवातीपासून चिन्हं मोजत यायचं: पहिलं उघडतं, दुसरं मिटतं, तिसरं उघडतं. कर्सर खुद्द अवतरणचिन्हावर असेल तर विम असंच करतो. ‘टार्गेट्स’ प्लगइन हा विचार इतर ठिकाणीही करतं, आणि बोळाला घर समजत नाही.

आकांक्षेचं उदाहरणही घेऊ:

बेरीज(क, गुणाकार(ख, ग), घ)

इथे ‘बेरीज’ला दिलेली दुसरी गोष्ट निवडायची आहे. स्वल्पविराम ते स्वल्पविराम अशी मोजणी केली तर ‘गुणाकार(ख’ एवढाच तुकडा हाती येतो. तो अर्धवट आहे, त्यातल्या उघड्या कंसाला मिटणाऱ्या कंसाची आकांक्षा आहे. म्हणून फंक्शनला दिलेल्या गोष्टी निवडणारा चांगला आदेश आतल्या कंसातले स्वल्पविराम मोजत नाही.

साध्या मजकुरातही हेच घडतं. विमच्या हिशेबात वाक्य म्हणजे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आणि त्यानंतर मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट. त्यामुळे ‘डॉ. आंबेडकर’ लिहिलं की त्याच्या लेखी ‘डॉ.’पाशी वाक्य संपलं. आणि आमच्या संस्कृत पाठांत वाक्य दंडाने संपतं, तो दंड त्याच्या यादीतच नाही. अख्खा परिच्छेद त्याला एकच वाक्य वाटतो. चिन्हावरून अर्थ ओळखण्याच्या पद्धतीला ही मर्यादा राहणारच.

झाडाचा उपाय

मग चिन्हं सोडून कोडची रचनाच एडिटरला समजली तर? तसं आता होतं. ट्री-सिटर हा मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी सुरू केलेला प्रकल्प, अ‍ॅटम या एडिटरच्या कामातून तो पुढे आला. तो कोड वाचून त्याचं एक झाड तयार करतो: फाइलच्या पोटात फंक्शन, फंक्शनच्या पोटात विधानं, विधानाच्या पोटात पदं. आपण एखादं अक्षर बदललं की सगळं झाड नव्याने न उभारता तो तेवढीच फांदी दुरुस्त करतो. कोड अर्धवट असला तरी जमेल तेवढं झाड उभं ठेवतो. हा शेवटचा गुण मोठा आहे, कारण लिहिणाऱ्याचा कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो.

१९८१ साली टाइटेलबॉम आणि रेप्स यांनी ‘कॉर्नेल प्रोग्रॅम सिंथेसायझर’ लोकांपुढे मांडला. त्यात लिहिणारा थेट झाडावरच काम करायचा, चुकीची रचना उभीच राहू शकत नसे. कल्पना देखणी होती, तरी रोजच्या वापरात असे एडिटर फारसे रुळले नाहीत. माणूस विचार करताना मधल्या मोडक्या अवस्थांतून जातो आणि त्या अवस्थांना तिथे जागा नव्हती. ट्री-सिटरने मजकूर मजकूरच ठेवला आणि झाड त्याच्या मागे उभं केलं.

झाड आलं की ‘जवळचा’ शब्दाला पुन्हा नात्याचा अर्थ मिळतो. हेलिक्स एडिटरमध्ये निवड एक पायरी बाहेर वाढवता येते: पद, मग त्याभोवतीचं विधान, मग फंक्शन. विंडोजवर व्हीएस कोडमध्ये शिफ्ट, ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की निवड अशीच वाढत जाते. आपण पायरी-पायरीने वर जातो आणि हवं तिथे थांबतो. इथे चुकायला वाव कमी, कारण काय निवडलं गेलं ते प्रत्येक पायरीला डोळ्यांना दिसतं.

न सापडणं हेही उत्तर आहे

आता आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. ‘पोटात नसेल तर पुढचा शोध’ हा नियम हाताने काम करताना सुखाचा आहे. चुकलं तर दिसतं, आणि एक कळ दाबून पूर्ववत करता येतं. पण विमचे आदेश माणूस एकदाच देत नाही. तेच आदेश तो साठवून शेकडो ओळींवर चालवतो, आणि तेव्हा त्याची नजर तिथे नसते.

समजा, २०० ओळींची एक फाइल आहे आणि प्रत्येक ओळीत कंसात रुपयांची रक्कम आहे. रुपयांचे पैसे करायचे म्हणून आपण सांगतो, ‘प्रत्येक ओळीवर जा, कंसातल्या आकड्याला दोन शून्यं जोड’. ७३ वी ओळ नुसती टीप आहे, तिच्यात कंस नाही. जुना नियम असेल तर त्या ओळीवर आदेश फसतो, तिथे काही होत नाही आणि काम पुढच्या ओळीवर जातं. पण आदेश ओळीबाहेरही शोध घेणारा असेल तर? ७३ व्या ओळीवरून तो ७४ व्या ओळीतल्या कंसात उडी मारतो आणि शून्यं जोडतो. मग ७४ व्या ओळीची स्वतःची पाळी येते आणि पुन्हा शून्यं जुळतात. २५० रुपयांचे २५,००० पैसे व्हायचे ते २५,००,००० पैसे झाले, म्हणजे पंचवीस हजार रुपये! कुठे घंटा वाजली नाही, कुठे लाल अक्षर दिसलं नाही. दोनशे ओळींमधला एक आकडा शंभरपट झाला, आणि तो कुणाच्या तरी बिलात जाणार आहे.

जुन्या नियमाचं ‘काहीच न होणं’ ही उणीव होती असं आपण म्हणत होतो. बघा, ते एक संरक्षणही होतं. विममध्ये साठवलेल्या आदेशांची मालिका चालू असताना एक आदेश फसला की मालिका थांबते. ते थांबणं म्हणजे एडिटरने म्हणणं, ‘तुम्ही म्हणता ती वस्तू इथे नाही’. शोध घेणारा आदेश हे वाक्य कधी बोलतच नाही, त्याला काही ना काही सापडतंच. आमच्या शास्त्रात अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न दिसण्याला, भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. टेबलावर घागर नाही, हे कळणं हेही ज्ञानच आहे. सोयीच्या नादात आपण एडिटरकडून हे ज्ञान काढून घेऊ नये.

मग सुधारणा कशी करावी?

आमच्या मते असे आदेश रचणाऱ्याने आणि ते आपापल्या एडिटरमध्ये बसवून घेणाऱ्याने पाच गोष्टी पाळाव्यात.

पहिली: पोटातल्याचा मान पहिला. कर्सर ज्याच्या आत आहे ते असेल, तर शेजारचं कितीही जवळ असलं तरी त्याचा विचार करू नये.

दुसरी: पोटात नसेल तर त्याच ओळीत पुढचा. वाचणं पुढे जातं, म्हणून पुढची दिशा. ओळ बदलत नाही, म्हणून बदल नजरेसमोर राहतो आणि शेजारच्या ओळीला हात लागत नाही.

तिसरी: ओळीच्या बाहेर जायचं असेल तर माणसाने तसं स्पष्ट म्हणावं. ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ ही विशेषणं त्यासाठीच आहेत. वाक्यात एक अक्षर वाढलं तर बिघडत नाही, त्या अक्षराने अपेक्षा मनातून आदेशात येते. ‘सर्वांत जवळचा’ हा पर्याय मात्र आम्ही वापरत नाही. काय निवडलं जाईल हे आधी कळण्यासाठी माणसाला दोन्हीकडची अंतरं मोजावी लागतात, आणि मोजायचं नाही म्हणूनच तर आपण वस्तूचं नाव घेत होतो.

चौथी: पडद्यावर दिसत नाही त्याला न दाखवता हात लावू नये. जुन्या टर्मिनलवर २४ ओळी मावत. आजच्या पडद्यावर जास्त मावतात, पण ५० ओळींचा शोध आजही नजरेबाहेर जाऊ शकतो. इतकं लांबचं निवडलं जाणार असेल तर आधी ते दाखवावं. काकून आणि हेलिक्स या एडिटरनी वाक्याचा क्रमच उलटा केला आहे: आधी कर्म, मग क्रियापद. आधी निवड उजळून दिसते, मग आपण ‘पूस’ म्हणतो. विममध्येही आधी निवडून मग पुसता येतं. पण तिथे एक गोम आहे. टिंबाची कळ दाबून तेच काम दुसरीकडे करवलं तर विमला तेव्हा कंस आठवत नाही, फक्त निवडीची लांबी आठवते. बारा अक्षरं निवडली होती तर दुसरीकडेही बाराच पुसली जातात, कंसात पाच असोत की वीस.

पाचवी: न पाहता चालवायच्या कामात शोध बंद असावा. ‘मिनी’मधल्या प्लगइनमध्ये ‘फक्त पोटातला’ हा पर्याय आहेच. शेकडो ओळींवर काही चालवायचं असेल तेव्हा तो लावून घ्यावा. आदेश कमी ठिकाणी चालेल, पण चुकीच्या ठिकाणी चालणार नाही.

व्याख्यानाआधी एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, ‘सर, आता यंत्रं इतकी हुशार झाली आहेत, तर आपल्या मनातला जवळचा ब्लॉक त्यांनाच ओळखू द्यावा ना?’ ओळखू द्यावा, जरूर. पण अंदाज करणारा मदतनीस आणि आज्ञा पाळणारं हत्यार यांत फरक ठेवावा. मदतनीस दहांतल्या नऊ वेळा बरोबर ओळखेल आणि दहाव्या वेळी विचारेल, तर उत्तमच. हत्यार मात्र दहाच्या दहा वेळा सांगितलं तेवढंच करणारं हवं, कारण आपण त्याच्याकडे न बघता ते चालवतो. सुताराचा हात पटाशीवर नीट चालतो, कारण पाटा कुठे आहे ते त्याला न बघता ठाऊक असतं. लाकूड पाहून स्वतःच वळणारी पटाशी त्याला दिली, तर पहिल्या दिवशी तो खूश होईल आणि दुसऱ्या दिवशी बोटाला चिंधी बांधून येईल.

तुमच्यापैकी जे विम किंवा निओविम वापरतात त्यांनी आज घरी गेल्यावर एक प्रयोग करावा. एका रिकाम्या फाइलमध्ये चार ओळी लिहा, तिसऱ्या ओळीत कंस ठेवू नका. तिथे कर्सर नेऊन ‘कंसातलं पूस’ म्हणा आणि तुमचा एडिटर काय करतो ते बघा. तो गप्प राहतो, की उडी मारतो? उत्तर काहीही येवो, ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.